सीझन संपला, फोन थांबला: गोव्यात वाजवण्याचं काम कसं शोधायचं

मे सरत आला की किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे सीझनपुरती उभी केलेली हॉटेलं, उतरवायला घेतात. बांबू, झावळं, प्लायवूड टेम्पोत चढतं आणि आठवड्याला तीन-चार संध्याकाळी वाजवणाऱ्या पोरापोरींचं काम त्याच दिवशी संपतं. पुढचे चार महिने समुद्र खवळलेला, पर्यटक मोजके, आणि ज्या नंबरावरून 'उद्या येतोस काय?' असं विचारायचे तो नंबर गप्प. मी पेटी आणि कीबोर्ड वाजवतो, फोंडा तालुक्यातला. देवळातलं भजन, कीर्तन, नाट्यगीतांची बैठक, हॉटेलातली गझल, लग्नातला संगीत, यावरच माझं घर चालतं. दर पावसाळ्यात कुणीतरी नवा वादक घरी येऊन बसतो आणि विचारतो, "दादा, आता काय करू?" त्याला चहा देऊन जे सांगतो तेच इथे सविस्तर लिहितो आहे. ज्यांना वाजवता येतं, सुरात गाता येतं, पण काम कुठून येतं ते अजून उमगलेलं नाही, अशांसाठी.

आधी वही काढा

गेल्या वर्षभरात वाजवलेले सगळे प्रोग्राम तारखेनिशी लिहून काढा. कुठे वाजवलं, कुणी बोलावलं, किती मिळाले, पुन्हा बोलावलं का. एका संध्याकाळचं काम आहे, पण बहुतेकांना त्यात पहिल्यांदाच दिसतं की वर्षाची सगळी कामं दोन माणसांकडून आलेली आहेत. त्यातला एक दुबईला गेला किंवा एका जागेचा मालक बदलला की आपल्याला वाटतं, गोव्यातलं संगीत संपलं.

काम का थांबलं याची कारणंही वेगवेगळी असतात आणि प्रत्येकावर उपाय वेगळा. ऋतूमुळे थांबलं असेल तर ते ऑक्टोबरात परत येणार आहे, मधले महिने भरायचे आहेत. जागा बंद झाली असेल तर नवी जागा शोधायची आहे. पणजीची कला अकादमी नूतनीकरणासाठी बंद होती तेव्हा तिच्या भरवशावर असलेल्या कलाकारांचे किती हाल झाले ते आम्ही पाहिलं आहे; २०२३ च्या नोव्हेंबरात ती पुन्हा उघडली. तिसरं कारण म्हणजे लॅपटॉपवर ट्रॅक लावून एकटाच गाणारा माणूस चारजणांच्या बँडच्या जागी आला. तसं असेल तर त्याच हॉटेलाच्या दारात उभं राहून उपयोग नाही. जिथे ट्रॅक चालतच नाही अशा जागी जायचं. अशा जागा गोव्यात खूप आहेत.

तिथीचं कॅलेंडर भिंतीवर लावा

पर्यटनाचं वर्ष ऑक्टोबर ते मे. देवळांचं वर्ष तिथीने चालतं, आणि पर्यटनाचे जे कोरडे महिने तेच देवळांतले भरगच्च. ही एक गोष्ट नीट लक्षात घेतली तरी निम्मी काळजी मिटते.

आषाढी एकादशीपासून सुरुवात धरा. गावोगावच्या विठ्ठल मंदिरांत भजन उभं राहतं, दिंड्या निघतात, माशेलला चिखलकाला होतो. मग श्रावण. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी वास्कोत दामोदर भजनी सप्ताह सुरू होतो, अखंड चोवीस तास भजन. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या साथीच्या रोगानंतर सुरू झालेली ही परंपरा आहे. वेगवेगळ्या समाजांचे पार, म्हणजे भजनी मिरवणुका, येतात आणि गायनाच्या बैठका रंगतात. नव्या तबलजीने वास्कोचा सप्ताह निदान ऐकायला तरी चुकवू नये. कोण गातं, कोण कुणाच्या साथीला बसतं, कुणाचा पेटीवाला या वर्षी आलेला नाही, हे सगळं तिथे एका रात्रीत कळतं.

नंतर चवथ, म्हणजे गणेशोत्सव. घराघरांत घुमट या मातीच्या चर्मवाद्यावर आरत्या, आणि सार्वजनिक मंडळांत पाच, सात, नऊ, अकरा दिवस रोज रात्री काहीतरी: भजन, नाट्यगीतं, भक्तिगीतं, एकांकिका. घुमट शिकून घ्या, मुख्य वाद्य दुसरं असलं तरी. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून मान दिला, आणि पूर्वी घोरपडीच्या कातड्याने मढवलं जाणारं हे वाद्य आता बकऱ्याच्या कातड्याने मढवतात, त्यामुळे ते उघडपणे विकत मिळतं, शिकवलं जातं, स्पर्धांत वाजतं. घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य) आणि कांसाळं (झांजा) या तिन्हींपैकी दोन ज्याला चांगली येतात त्याला चवथीत रिकामी संध्याकाळ मिळत नाही.

नवरात्रातला मखरोत्सव तर आमच्या फोंडा भागाचं वैभव आहे. देव मखरात बसतो, सजलेलं मखर आरतीच्या, घंटेच्या, सनईच्या गजरात झुलतं, आणि त्याआधी कीर्तन. नऊ रात्री, अनेक देवळं, प्रत्येक ठिकाणी कीर्तनकाराला पेटी आणि तबला लागतो. त्या नऊ दिवसांत चांगल्या साथीदारांची खरोखर टंचाई असते.

कार्तिकात तुळशीचं लग्न झालं की हिंदू लग्नांचे मुहूर्त सुरू होतात आणि पाठोपाठ जत्रा. मंगेशी, कवळे, म्हार्दोळ, फातर्पा, म्हापशाचा बोडगेश्वर, अशी रांगच लागते. जत्रेच्या रात्री नाटकं होतात आणि त्यांत संगीत नाटक असलं तर ऑर्गन-तबल्याची जोडी हवीच. फाल्गुनात शिगमो, जांबावलीचा गुलाल. मग चैत्र-वैशाखात छोट्या देवळांचे वर्धापनदिन: सकाळी पूजा, दुपारी महाप्रसाद, रात्री गाणं. या वर्धापनदिनांकडे नवे लोक लक्ष देत नाहीत. बिदागी मोठी नसते, पण गाव लहान असल्याने ऐकणारा प्रत्येक माणूस तुमचं नाव लक्षात ठेवतो.

ख्रिस्ती लग्नांत वाजवणाऱ्यांनी ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ रिकामा धरावा. त्या काळात लग्नं होत नाहीत. ईस्टरनंतर मात्र एप्रिल-मे गच्च.

हे सगळं भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन रंगांत लिहा, देवळाचं एका रंगात आणि पर्यटनाचं दुसऱ्या. जिथे दोन्ही रंग नाहीत असे आठवडे फारच थोडे उरतात.

साथीला बसायला शिका

माझं ठाम मत आहे की गोव्यात साथ करता येणारा माणूस उपाशी राहत नाही. मुख्य गायक म्हणून नाव व्हायला दहा वर्षं लागतात. साथीदार म्हणून सहा महिन्यांत लोक ओळखू लागतात.

मी एकोणीस वर्षांचा असताना एका देवळात कीर्तनाला पेटीवाला आला नाही म्हणून मला बसवलं. मला पंचवीसएक अभंग पाठ होते, सगळे काळी एक या एकाच पट्टीत. कीर्तनकार बुवा पूर्वरंग, म्हणजे कीर्तनाचा पहिला भाग, सुरू करताच काळी दोनवर गेले. मी काळी एकचीच बोटं चालवत राहिलो, दोन ओळी बेसूर वाजल्या, मग भाता धरून गप्प बसलो. बुवा थांबले नाहीत. साकीचं पद म्हणता म्हणता माझ्याकडे झुकून हळूच बोलले, "पोरा, माझ्या तोंडाकडे बघ. बोटांकडे बघू नको." मी मान वर केली. त्यांचा श्वास दिसायला लागला, ओळ कुठे संपणार ते दिसायला लागलं, आणि निदान षड्ज धरून ठेवता आला. उत्तररंगात मी मागोमाग जात होतो. आरतीनंतर त्यांनी पुढच्या सोमवारचं सांगितलं.

त्या रात्रीवरून मी जे शिकलो ते असं. एकच अभंग निदान चार पट्ट्यांत वाजवता यावा: पुरुषांसाठी काळी एक, काळी दोन; बायकांसाठी काळी चार, काळी पाच. स्केलचेंजर पेटी असली तरी कीर्तनात मध्येच पट्टी सरकवायला वेळ नसतो, बोटांतच ते हवं. साकी, दिंडी, आर्या, ओवी यांच्या चाली कानात असू द्या, कारण कीर्तनकार आधी सांगत नाही, सरळ म्हणायला लागतो. भरणा थोडा करा. गायक श्वास घेतो तेवढीच जागा तुमची.

तबलजींनी भजनी ठेका, धुमाळी, केरवा, दादरा यांची लय अर्ध्या तासापर्यंत न सरकवता धरण्याचा रियाज करावा. कायदे-रेल्यांचं कौतुक स्पर्धेत होतं; देवळात गजर चढत जातो तेव्हा लय पळू न देणारा हात लागतो. गायकांनाही हे लागू आहे. मागे ओढायला, म्हणजे बुवांच्या पाठी सुरात ओळ उचलायला, चांगला आवाज सगळ्या फडांना हवा असतो आणि तिथूनच मधली एक गवळण स्वतंत्र म्हणायची संधी मिळते.

गिटार, बास, ड्रम, ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजवणाऱ्यांसाठी अशीच जागा तियात्रात, म्हणजे कोंकणी गाण्याबजावण्याच्या नाटकात, आहे. पहिलं तियात्र १८९२ साली मुंबईत झालं, आणि आजही त्यातली कांतारां (गाणी) प्रत्यक्ष वाजणाऱ्या बँडबरोबर गायली जातात. मडगावचं रवींद्र भवन, म्हापशाचं हनुमान नाट्यगृह इथे प्रयोग होत असतात, आणि छपराखाली असल्याने पावसात थांबत नाहीत. तिथे स्टाफ नोटेशन वाचता येणाऱ्याला मान आहे. आपल्या मराठी घरांतल्या पोरांनी ते शिकायला काहीच हरकत नाही. तीन-चार महिन्यांत साध्या ओळी वाचता येतात.

साउंडवाल्याशी ओळख ठेवा

कुणाला सगळ्यांत आधी फोन करावा असं विचारलंत तर मी साउंडवाल्याचं नाव घेईन. एका तालुक्यातल्या साउंडवाल्याकडे पुढच्या दोन महिन्यांच्या प्रत्येक कार्यक्रमाची तारीख असते: कुठल्या मंडळाने किती माईक सांगितलेत, कुठे फक्त भाषणं आहेत, कुठे गायक आहे पण वादक ठरलेले नाहीत. मंडळाचे लोक त्यालाच विचारतात, "ऑर्गनवाला कोण चांगला आहे रे?" तो ज्याचं नाव घेईल त्याला काम.

त्याच्या मनात चांगलं नाव व्हायला काय लागतं? वेळेवर या, साउंडचेकला हजर राहा, स्वतःची केबल आणा. कीबोर्डवाल्याने दोन जॅक केबल, एक डीआय बॉक्स (कीबोर्ड मिक्सरला नीट जोडायचा डबा), एक एक्स्टेन्शन बोर्ड बॅगेत कायम ठेवावा. मॉनिटर कमी येत असेल तर स्टेजवरून माईकमध्ये ओरडू नका, हाताने खूण करा. प्रोग्राम संपल्यावर केबल गुंडाळायला हात लावा. मला मिळालेल्या कामांतली कितीतरी अशी केबल गुंडाळता गुंडाळता ठरली आहेत.

त्याच्यानंतर देवस्थान समितीचे सचिव, मंडप-डेकोरेशनवाले, भजनी मंडळांचे बुवा. देवस्थान समितीला उत्सवाच्या दीड-दोन महिने आधी भेटायचं, उत्सवाच्या आदल्या आठवड्यात नाही. भेट सकाळी पूजेनंतर किंवा संध्याकाळी आरतीनंतर. फोनपेक्षा देवळात जाणं केव्हाही बरं: नारळ ठेवा, नमस्कार करा, समितीच्या माणसाला 'मी अमुक गावचा, पेटी वाजवतो, साथीला कधी लागलो तर बोलवा' एवढंच सांगा आणि नंबर द्या. आमच्याकडे लोक कुळ-गाव विचारतात. ते चौकशीसाठी असतं, त्याचा राग मानू नका. बहुतेक वेळा त्यातून ओळखीचा कुणीतरी निघतोच.

दीड मिनिटाची क्लिप

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला तीन क्लिप हव्यात आणि प्रत्येक दीड मिनिटाच्या आत. देवळांसाठी अभंग किंवा नाट्यपदाच्या साथीची. हॉटेलांसाठी हळू आवाजातली वाद्यसंगीत किंवा गझलेची. लग्नांसाठी उत्साहाची. एकच क्लिप सगळ्यांना पाठवली की कुणालाच ती आपल्यासाठी आहे असं वाटत नाही.

खोलीत पंखा बंद करा, खिडकीकडे तोंड करून बसा, फोन आडवा धरून पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ठेवा. चेहरा आणि हात दोन्ही दिसू द्या. एका दमात वाजवा, मध्ये जोड नको. रिव्हर्ब घालू नका. समितीतल्या जाणत्या माणसाला तो लगेच कळतो आणि त्याला वाटतं, पोराने काहीतरी लपवलं आहे. सुरुवातीचे दहा सेकंद सगळ्यांत चांगले असू द्या, लांबलचक आलाप नको. खाली नाव, वाद्य, तालुका, फोन नंबर.

हॉटेल, बोट, लग्न

पंचतारांकित हॉटेलांत गाण्यावाजवण्याचं ठरवणारा माणूस बहुधा फूड अँड बेव्हरेज विभागाचा मॅनेजर असतो. त्याला शनिवार-रविवारी फोन करू नका. मंगळवार ते गुरुवार, दुपारी तीन-चारच्या सुमाराला तो मोकळा असतो. सीझनचं वेळापत्रक ऑगस्टच्या शेवटी आणि सप्टेंबरमध्ये ठरतं, म्हणून चवथीच्या गडबडीतही हे फोन करून घ्यायचे.

हॉटेलचं काम बहुतेक तीन तासांचं, पंचेचाळीस मिनिटं वाजवणं आणि पंधरा मिनिटं विश्रांती असं तीनदा. म्हणजे पस्तीस-चाळीस गाणी किंवा धुना न बघता हव्यात. आवाज इतकाच की टेबलावरच्या माणसाला ओरडून बोलावं लागू नये. बासरी, संतूर, सतार, तबला यांना लॉबीत आणि लग्नातल्या फेऱ्यांच्या वेळी चांगली मागणी असते. बाहेरून येऊन गोव्यात लग्न करणारे लोक नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जास्त येतात. ती कामं वेडिंग प्लॅनरकडून येतात आणि त्यांना एक फोन केला की तीन-चार वादक एकत्र मिळाले तर हवे असतात. म्हणून एकटे फिरू नका, जोडी किंवा तिघांचा संच करून ठेवा, आणि संचाला एक नाव द्या.

मांडवीतल्या संध्याकाळच्या पर्यटन बोटींवर गाणी आणि नाच असतात. पाहुणे रोज बदलतात, कार्यक्रम तोच. काही महिन्यांनी कंटाळा येतो हे खरं, पण पहिल्या वर्षी रोज माणसांसमोर उभं राहण्याचा सराव याहून चांगला कुठे मिळत नाही.

उघड्यावर वाजवताना ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम लक्षात ठेवा. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. सांस्कृतिक किंवा धार्मिक निमित्ताने राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. रात्री उशिराचं काम त्यामुळे कमी झालं, पण दुपारी साडेचार ते रात्री साडेनऊची कामं वाढली. दुपारच्या उन्हात वाजवायची तयारी ठेवा. परवानगी आयोजकाने काढायची असते, पण 'काढली आहे ना?' असं विचारायला विसरू नका, कारण मध्येच बंद पडलं की मानधनावरून वाद तुमच्याशी होतो.

सरकारी दारं

पणजीला पाटोवरच्या संस्कृती भवनात कला व संस्कृती संचालनालय आहे. तिथे एकदा जाऊन कलाकारांसाठी आणि संस्थांसाठी सध्या कुठल्या योजना आहेत ते विचारा, अर्ज घेऊन या. कला अकादमीच्या भजन स्पर्धेत आपल्या गावच्या पथकातून उतरा. बक्षिसाइतकंच महत्त्वाचं हे की त्या दिवशी गोवाभरचे बुवा आणि परीक्षक तुम्हाला ऐकतात. फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर आणि मडगाव, साखळी, कुडचडे, वास्को इथली रवींद्र भवनं यांच्या सूचनाफलकांवर नजर ठेवा.

आकाशवाणी पणजीची ऑडिशन मात्र प्रत्येकाने द्यावी. बी, बी-हाय, ए, टॉप अशा श्रेणी असतात. बी श्रेणी मिळाली तरी पत्रिकेत 'आकाशवाणी मान्यताप्राप्त कलाकार' असं छापता येतं आणि देवस्थान समित्या ते वाचतात. पहिल्या खेपेला नापास झालात तर पुन्हा द्या. अनेक चांगले कलाकार दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला झाले आहेत.

पैशांचं बोलणं आधी

एका किनाऱ्याजवळच्या जागी मी तीन संध्याकाळी वाजवलं. तोंडी ठरलं होतं. चौथ्या दिवशी मॅनेजर बदलला आणि नव्याने सांगितलं, माझ्याकडे काही नोंद नाही. तीन खेपा मारल्या, पैसे मिळाले नाहीत. तेव्हापासून प्रत्येक काम ठरलं की त्याच संध्याकाळी मेसेज पाठवतो: तारीख, वेळ, किती तास, किती माणसं, साउंड कुणाचा, किती पैसे, अ‍ॅडव्हान्स किती, उरलेले कधी. शेवटी 'बरोबर असेल तर हो म्हणावं'. समोरून 'हो' आलं की तो पुरावा. हॉटेल आणि लग्नाच्या कामाला निम्मा अ‍ॅडव्हान्स मागा. देवळात अशी भाषा वापरू नये असं मी मानतो. तिथे बिदागी समिती ठरवते, फक्त येण्याजाण्याचा खर्च आधी बोलून घ्यावा.

हातात काय उरतं ते मोजा. समजा दोघांच्या कामाचे ५,००० ठरले. पेट्रोल ६००, सामान उचलायला मदतनीस ५००, तबलजीचे २,०००. तुमचे राहिले १,९००, त्यात जाण्यायेण्यासकट सात तास गेले. आकडे तुमचे वेगळे असतील, पण ही वजाबाकी फोनवर 'हो' म्हणण्याआधी करायची. आणि साथीदाराचे पैसे त्याच रात्री द्या, आयोजकाने तुम्हाला दिलेले असोत वा नसोत. ज्याने हे पाळलं त्याला साथीदार कधी कमी पडले नाहीत.

हॉटेलं टीडीएस कापतात. पॅन द्या आणि विवरणपत्र भरा, कापलेली रक्कम परत मिळू शकते. लोककला किंवा शास्त्रीय प्रकारातल्या सादरीकरणाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी नाही, हे हॉटेलच्या हिशेबनिसाला काही वेळा सांगावं लागतं. आपली गाणी आपण रचत असाल तर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासदत्व घ्या.

घाटापलीकडे

गोव्यातला कलाकार कामासाठी बाहेर जात आला आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. मंगेशीचे दीनानाथ नाटक कंपनीबरोबर गावोगाव फिरले. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई मुंबईत मोठ्या झाल्या. चर्चच्या शाळांत व्हायोलिन आणि नोटेशन शिकलेले कितीतरी गोंयकार मुंबईच्या चित्रपट-स्टुडिओंत वाजवायला गेले. सेबास्टियन डिसोझा आणि अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली ठळक नावं.

तुम्हाला इतकं लांब जायचीही गरज नाही. पेडण्याच्या पलीकडे सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ला. तिथे दोन बुवांच्या सामन्याच्या डबलबारी भजनांना गर्दी लोटते आणि पखवाजवाल्यांची, पेटीवाल्यांची कायम विचारणा असते. दशावतारी मंडळं पावसाळा संपला की मेपर्यंत गावोगाव फिरतात; पायपेटी, मृदंग आणि झांज एवढ्यावर रात्रभराचा खेळ उभा राहतो. रात्रीचं जागरण झेपत असेल तर एका सीझनला जा, लय आणि प्रसंगाला वाजवणं दोन्ही पक्कं होतं. चोर्ला घाटातून बेळगाव आहे, तिथे नाट्यगीत जाणणारा मराठी श्रोता आहे. पहिल्या खेपेला पैशांपेक्षा ओळख जास्त मिळते, म्हणून दोन कामं एकाच फेरीत जुळवा.

रिकामे आठवडे

पावसात वाद्य सांभाळा. दमट हवेत दायां (उजव्या हाताचा तबला) उतरतं, पेटीच्या पत्त्यांना (रीडना) गंज धरतो. कपाटात झिरोचा बल्ब लावून वाद्यं तिथे ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या पेटीत टाका. ऐनवेळी काम आलं आणि पेटीचा एक स्वर अडकलेला, असं होऊ देऊ नका.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिका, मध्यमा, विशारदच्या परीक्षांना केंद्रांवर तबला आणि पेटीचे साथीदार लागतात. जवळच्या केंद्राच्या शिक्षकांना भेटून नाव देऊन ठेवा. परीक्षेला येणारी मुलं आणि त्यांचे आईवडील तिथून शिकवण्या विचारतात. आठवड्याला आठ-दहा विद्यार्थी असले की पावसाळ्याचं किराणा सामान निघतं.

आणि घरी बैठक करा. आमच्याकडे चौकाच्या घरांत, देवळांच्या अग्रशाळांत (देवळालगतच्या धर्मशाळांत) वीस-पंचवीस माणसं सहज बसतात. माईक नको, म्हणजे ध्वनिक्षेपकाच्या परवानगीचा प्रश्न येत नाही. महिन्यातला एक ठरलेला वार धरा. गायक एक, साथीदार दोन, दीड तास गाणं, मग चहा आणि भजी. दाराशी एक तांब्याचं ताट ठेवा, ज्याला जे द्यायचं ते त्यात. आमच्या पहिल्या बैठकीला अकरा माणसं आली होती, त्यांतली चार घरचीच. बाहेर पाऊस इतका की दोन वेळा वीज गेली, आणि समईच्या उजेडात मल्हार संपला तेव्हा कुणी उठेना. त्या अकरांत एका देवस्थानाचे खजिनदार होते. जाताना ताटात पैसे ठेवून त्यांनी विचारलं, "नवरात्रात पाचवी माळ मोकळी आहे काय तुम्हाला?"

वहीत नवं पान काढून मी तारीख लिहिली आणि तबलजीला विचारून दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना होकार कळवला.